मेमध्ये बंद, ऑगस्टमध्ये उघडं

परभणीच्या हवेला एकच एक स्वभाव नाही. होळी झाली की कोरडी आग सुरू होते आणि मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो. मृगाचा पाऊस झाला की तो दहाएक अंशांनी उतरतो खरा, पण मग अंगावरचा घाम वाळत नाही, गाद्या दमट होतात, डाळीत किडे पडतात. थंडीत तर कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला आकडा राज्यभर बातमी होतो. २०१८ च्या डिसेंबरअखेर तो दोन-तीन अंशांपर्यंत घसरला होता. अशा गावात कमी विजेत गार राहणारं घर बांधायचं म्हणजे यातल्या कोणत्या हवेसाठी बांधायचं?

खालचा वाद वसमत रस्त्याकडच्या एका नव्या वसाहतीतल्या ३० बाय ४० फुटांच्या प्लॉटवरून झाला. मामा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. भाची पुण्याला वास्तुरचना शिकून आलेली. मला दोघांचंही अर्धं-अर्धं पटतं, म्हणून मधून मधून मी नाक खुपसलं आहे.

मामा : हे बघ, नकाशा तयार आहे. आरसीसी फ्रेम, नऊ इंची वीट, वर पाच इंची स्लॅब. हॉलला आणि दोन्ही बेडरूमला एसी. गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर, सूर्यघर योजनेत ७८ हजार सबसिडी. वीजबिल शून्याच्या आसपास. आता तुझं ते पॅसिव्ह, विजेविना घर गार ठेवायचं, यात कुठं बसवू, सांग.

भाची : मामा, तुम्ही आधी भट्टी बांधताय आणि मग ती गार करायला सोलर लावताय.

मामा : भट्टी कामून? अख्खी परभणी अशीच बांधते.

भाची : आणि अख्खी परभणी संध्याकाळी गच्चीवर पाणी मारते! आपण साधारण सव्वाएकोणीस अक्षांशावर आहोत. मेच्या मध्यावर सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, पुढे थोडा उत्तरेला सरकतो आणि जुलैच्या अखेरीस परत डोक्यावरून जातो. ते शून्य सावलीचे दिवस. म्हणजे सगळ्यात कडक उन्हात भिंतींना कमी आणि छपराला जास्त ऊन लागतं. उघडा स्लॅब दिवसभर ते पितो आणि रात्री दहाला, तुम्ही आडवे झालात की, तुमच्याच अंगावर सोडतो. तेव्हा एसी हवेशी कमी आणि स्लॅबशी जास्त झगडत असतो.

मामा : वर विटांचा कोबा टाकणारच आहे.

भाची : कोब्यानं गळती थांबते, ऊन अर्धंमुर्धं थांबतं. ऊर्जा दक्षता ब्यूरोची इको निवास संहिता आहे, २०१८ ची. तिच्यात छपराला मर्यादा दिली आहे : आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर दर चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत यायला नको. नुसता पाच इंची स्लॅब धरला तर हा आकडा तीनच्या वर जातो. कोबा घातला तरी दोनच्या आसपास राहतो. इंचभर जाडीचा एक्सपीएस बोर्ड घातला की एकच्या खाली येतो. एक इंच, मामा!

मामा : थर्माकोल.

भाची : त्याचा घट्ट भाऊ. खाली उताराचा थर, त्यावर वॉटरप्रूफिंग, मग बोर्ड, मग वर पांढऱ्या चिनी मोझॅकचे तुकडे. पांढऱ्यावर ऊन ठरत नाही. आपल्या शेजारच्या तेलंगणानं २०२३ मध्ये यासाठी आख्खं कूल रूफ धोरण काढलं.

मामा : पांढरं राहील ते मार्चपर्यंत. एप्रिलमध्ये वावटळी सुटल्या की काळ्या रानाची सगळी धूळ गच्चीवर.

भाची : मग मेच्या आधी एकदा घासून धुवायचं.

(«धुवायचं» या क्रियापदाचा कर्ता इथं कुणीच सांगितलेला नाही. पुढे हाच मुद्दा मोठा होणार आहे.)

मामांनी मग एक फाइल काढली. तिच्यात कुठला हिशेब नव्हता, जुने फोटो होते. वाद इथून गंभीर झाला.

मामा : तुम्ही शिकलेली पोरं आलात की आधी माळवदाचं कौतुक करता. जाड भिंती, मातीचं छप्पर, उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. खरं आहे ते. आमच्या गावच्या घरात मे महिन्याच्या दुपारी माजघरात चादर घ्यावी वाटायची. पण त्र्याण्णव साली मी नोकरीत नवा होतो. ३० सप्टेंबरची पहाट, चार वाजायच्या आतबाहेर. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. किल्लारीचा भूकंप सहा रिश्टरच्या थोडासाच वर होता, जगाच्या मानानं मध्यम. आठ हजारांच्या घरात माणसं गेली ती भिंतींखाली. दोन-तीन फुटांच्या दगडी भिंती, मधे चिखल, आतल्या आणि बाहेरच्या तोंडाचे दगड एकमेकांत गुंफलेले नाहीत. वर माळवद. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा, जुना कुणी काढायचा नाही. पिढी-दोन पिढ्यांत छपरावर किती टन माती चढली याचा हिशेब कुणाकडं नव्हता. तू जिला थर्मल मास म्हणतेस ना, ती मी माणसांवरून उपसलेली बघितली आहे.

भाची थोडा वेळ बोलली नाही. मराठवाड्यात जुन्या घरांचं गुणगान करणाऱ्या प्रत्येकानं या उत्तराची तयारी ठेवावी, असं मला वाटतं. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण भीती तिथं थांबली नाही. परभणीच्या खेड्यांतही लोकांनी माळवदं उतरवली आणि पत्रे टाकले. पत्र्याखाली मेची दुपार काढणं किती अवघड आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. पण पत्रा अंगावर पडला तर माणूस वाचतो.

भाची : मामा, फ्रेम तुमची आरसीसीच ठेवा. यात माझा वाद नाहीच. २०२४ मध्ये मार्चला आणि परत जुलैला हिंगोलीकडं केंद्र असलेले साडेचार रिश्टरचे धक्के इथंही जाणवले, मला माहीत आहे. मी म्हणते ते वेगळं आहे. माळवदाचा गुण घ्या, त्याचं वजन घेऊ नका. फूटभर माती म्हणजे दर चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे किलो. माझा बोर्ड एक किलोसुद्धा भरत नाही. आणि तो स्लॅबच्या वर असला की खालचं काँक्रीट उन्हापासून सुटतं. मग तुमचा स्लॅबच आतल्या बाजूनं थंडावा धरून ठेवतो. रात्री वारा खेळवला की तो गार होतो आणि दुपारपर्यंत पुरतो.

मामा : हां. हे पटण्यासारखं आहे. बोर्डाचा खर्च?

भाची : दोन एसी कमी केले की निघतो.

मामा : दोन नाही, एक. पुढं बोल.

भाची : पश्चिम. तुमच्या नकाशात मोठी बेडरूम पश्चिमेला आहे आणि तिला सहा फुटी स्लायडिंग काच.

मामा : वास्तूप्रमाणं नैर्ऋत्येला घरधन्याची खोली. मामीचा आग्रह. आणि छज्जा दिला आहे ना दोन फुटी.

भाची : दक्षिणेला तो छज्जा सोन्यासारखा आहे. मार्च-सप्टेंबरात सूर्य दुपारी सत्तर अंशांवर असतो. दोन फुटी छज्जा चार फुटी खिडकी पूर्ण झाकतो. डिसेंबरात तोच सूर्य ४७ अंशांपर्यंत उतरतो आणि निम्मी खिडकी उन्हात येते, नेमकी हवी तेव्हा. काही न हलवता ऋतू कळणारा तुमच्या नकाशातला तो एकच भाग. पण पश्चिमेला साडेचारचं ऊन छज्ज्याच्या खालून सरळ आत शिरतं. तिथं पाच फुटी छज्जाही उपयोगाचा नाही. जिना, बाथरूम, कोठीची खोली पश्चिमेला सरकवा. ऊन त्यांनी खावं.

मामा : मग ऑगस्टात काय करशील? पावसाळ्याचा वारा येतो कुठून? पश्चिमेकडूनच ना? तिकडं बाथरूम आणि जिना उभा केलास तर दमट हवेत घर कोंडून मरेल.

इथं मामांनी तिला पकडलं, आणि योग्य जागी पकडलं. या भागातल्या घराचा हा खरा पेच आहे. जी बाजू मेमध्ये वैरी तीच ऑगस्टमध्ये सोयरी. कोकणातल्या घराला फक्त वारा हवा. ते चारी बाजूंनी उघडं ठेवता येतं. राजस्थानातल्या हवेलीला फक्त ऊन टाळायचं. ती जाड आणि बंद असते. या दोन्ही घरांचे फोटो मासिकांत सुंदर दिसतात, म्हणून आपण तेच उचलतो. ते पॅसिव्ह हाऊस नावाचं जर्मन प्रकरण तर आणखी तिसरंच. १९९१ मध्ये डार्मस्टाटला पहिलं घर राहतं झालं. कडाक्याच्या थंडीत घर हवाबंद करायचं आणि माणसांची, दिव्यांची ऊब आतच धरून ठेवायची, ही त्याची मूळ कल्पना. परभणीला आठ-नऊ महिने तीच ऊब बाहेर कशी घालवावी याची विवंचना.

भाची : म्हणून काच नको, झडपा हव्यात. लाकडी पट्ट्यांच्या, दोन भागांत उघडणाऱ्या. जिन्याच्या पश्चिम भिंतीला खालपासून वरपर्यंत त्या लावायच्या. मेमध्ये दिवसा बंद. ऑगस्टात दिवसरात्र उघड्या; वारा जिन्यातून घरभर जातो. आणि जिन्याच्या माथ्यावर, गच्चीच्या दाराजवळ, जाळीदार झरोका. शेजाऱ्यांच्या भिंती तीन फुटांवर आल्या, आडवा वारा अडला, तरी गरम हवा वर निघून जाईल. अजून एक : स्लायडिंग खिडकी कितीही मोठी घ्या, उघडते निम्मीच. एका काचेमागे दुसरी काच. दारासारख्या उघडणाऱ्या खिडक्या घ्या, सहा फुटांऐवजी चार फुटी पुरतील.

मामा : डास?

भाची : जाळ्या लावायच्या.

मामा : जाळीनं वारा निम्मा होतो. आणि जाळी चार महिन्यांत धुळीनं बुजते.

भाची : म्हणून खिडकी मोठी धरायची आणि पंखा चांगला घ्यायचा. साधा पंखा ७०-७५ वॅट खातो, बीएलडीसी तीसच्या आसपास. अंगावर वारा लागला की तीस अंशांतही माणसाला बरं वाटतं. दमट हवेत सगळ्यात स्वस्त गारवा तोच. तुमचा दीड टनाचा एसी चालतो तेवढ्या विजेत आख्ख्या गल्लीचे पंखे चालतील.

मामा : आणि कूलर? आपल्याकडं एसीआधी कूलरच आला.

भाची : मेमध्ये कूलरला तोड नाही. ४२ अंश आणि कोरडी हवा असेल तर वाळ्यातून येणारा वारा सत्तावीसवर येतो. जुलैत तोच कूलर फक्त दमटपणा वाढवतो, कारण हवेत पाणी शोषायला जागाच उरलेली नसते. आणि मेमध्ये पाणी कुठलं आणायचं, तेही बघा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. कूलर ठेवावा, पण घर त्याच्यावर टांगून ठेवू नये.

मामा : मग पश्चिमेला लिंब लावू. दोन मोठे लिंब. माणसानं केलेल्या सगळ्या सावल्यांपेक्षा बरे.

भाची : लावाच! मी तेच म्हणणार होते.

मामा : (हसून) बघ, फसलीस. आपल्याकडं काळी माती. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात आख्खा हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मोठं झाड भिंतीजवळ असलं की एका बाजूची ओल ओढून घेतं, तिथली जमीन बसते आणि तुझी भिंत तिरकी तडकते. झाडाच्या उंचीइतकं तरी अंतर पाहिजे. तीस बाय चाळीसमध्ये लिंब लावायचा तर शेजाऱ्याच्या घरात लावावा लागेल. म्हणून तर रूडकीच्या संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठी खाली फुगा काढलेले पाईल शोधले. माझा पाया तसाच आहे, त्यामुळं घर टिकेल. पण कंपाउंड आणि फरशी नाही टिकणार.

भाची : मग मांडव. पश्चिम भिंतीपासून दोन फुटांवर तारांचा मांडव आणि त्यावर वेल. दोडका, कारलं, गोकर्ण, काहीही.

मामा : दोडका मेमध्ये? पाणी?

भाची : न्हाणीचं.

मामांना हे आवडलेलं दिसलं, कारण त्यांनी विषय बदलला. आतून मामी आल्या. त्या मघापासून ऐकत होत्या आणि त्यांचा एकच प्रश्न होता : झडपा सकाळी आठला बंद करायच्या, संध्याकाळी सातला उघडायच्या, झरोक्याची दोरी ओढायची, जाळ्या धुवायच्या, मांडवाला पाणी घालायचं, गच्ची घासायची, हे सगळं कोण करणार?

भाची म्हणाली, जुन्या वाड्यांत हेच तर होत होतं, मामी. ओसरी, चौक, माजघर, माळवद. माणसं ऋतूप्रमाणं घरातल्या घरात हलायची. दुपार माजघरात, संध्याकाळ ओसरीवर, उन्हाळ्यातली रात्र माळवदावर. त्यामुळं सगळं घर सगळ्या वेळी गार असायची गरजच नव्हती.

मामी : हलायचे ते पुरुष. ओसरी त्यांची, माळवद त्यांचं. आमच्या सासूबाईंचा जन्म माजघरात गेला. गारवा तिथं होता तसा चुलीचा धूरही तिथंच होता. वर एवढंसं साणं, पाऊस आला की तेही झाकायचं.

या वाक्यावर दोघेही गप्प झाले, आणि मला वाटतं की आख्ख्या वादात सगळ्यात नेमकं तेच होतं. आपोआप गार राहणारं घर असं काही नसतं. मोटार चालवत नाही म्हणून ते दुसरं कुणीतरी चालवतं. वाड्याच्या गारव्यात घरातल्या बायकांचे आणि गड्यांचे हात होते: सारवण, शिंपण, माती चढवणं, झडपा लावणं. एसीनं ते हात सोडवले, हे त्याचं खरं आकर्षण आहे आणि विजेच्या बिलाचा धाक दाखवून ते जात नाही. म्हणून माझ्या मते चांगल्या नकाशाची परीक्षा अशी घ्यावी : दुपारी दोनला घरात एकटं असलेलं माणूस, बहुधा बाईच, किती कमी वेळा उठलं तरी घर सुसह्य राहतं? छपरावरचा बोर्ड या परीक्षेत पहिला, कारण त्याला कुणी हात लावायचा नसतो. दक्षिणेचा छज्जा दुसरा. वेलाचा मांडव शेवटून पहिला. भाचीला हे सगळं एकाच यादीत समान वाटत होतं. मामींना तसं वाटत नव्हतं.

पण हलण्याची गोष्ट मात्र मला सोडवत नाही. आपल्या नव्या नकाशात प्रत्येक खोलीला नाव चिकटलेलं असतं आणि माणूस बारा महिने त्याच पलंगावर झोपतो. पूर्वेची खोली मेच्या संध्याकाळी केव्हाच निवलेली असते, पण ती मुलांची बेडरूम, आणि मुलं तर पुण्याला.

भाची : बरं मामी, मग असं. पूर्वेची खोली उन्हाळ्याची. पश्चिमेची थंडीची, डिसेंबरात तिथं संध्याकाळपर्यंत ऊब राहील. पलंग दोन्हीकडं. एक एसी पूर्वेच्या खोलीत, घट्ट दारं-खिडक्या आणि छोटी खोली, म्हणजे एक टनाचाही पुरेल. तो जुलै-ऑगस्टच्या कोंदट रात्रींसाठी आणि तुमच्या गुडघ्यांसाठी. झडपा फक्त जिन्याला, एकाच दांड्यानं सगळ्या मिटणाऱ्या.

मामी : आणि वास्तू?

भाची : नैर्ऋत्येची खोली तुमचीच आहे की. उन्हाळ्यात तुम्ही पाहुण्या म्हणून पूर्वेला जायचं.

मामी हसल्या आणि चहा टाकायला गेल्या. होकार त्यांनी दिलेला नाही.

मामा : आता माझं सोलर. त्याला तू हात लावलेला नाहीस.

भाची : ठेवा ना. फक्त स्लॅबला चिकटवू नका. आठ फुटी सांगाड्यावर चढवा. दोनशे-अडीचशे चौरस फूट गच्ची सावलीत येईल, कपडे वाळतील, पापड-सांडगे मोकळ्या भागात वाळतील आणि मेमध्ये रात्री झोपायला जागा राहील. कठडा जाळीचा करा. भरीव तीन फुटी कठड्याच्या आत जमिनीवर झोपलेल्या माणसाला वारा लागतच नाही.

मामा : आठ फुटांवर? वळीव बघितला का कधी गच्चीवर उभं राहून? पत्रे उडून दुसऱ्या गल्लीत जातात. पॅनल म्हणजे शिडाला शीडच. आणि पॅनलखाली झोपलं तर आभाळ कुठलं? उघड्या आभाळाखाली अंग निवतं, छपराखाली नाही निवत.

भाची : म्हणून तर अर्धी गच्ची उघडी ठेवली. सांगाडा पश्चिमेकडं, झोपायचं पूर्वेकडं.

मामा : मग बेसप्लेटचे बोल्ट स्लॅब ओतायच्या आधीच गजांत बांधून घ्यावे लागतील. नंतर ड्रिलनं भोकं पाडलीस तर तुझं वॉटरप्रूफिंग गेलं आणि बोर्डात पाणी शिरलं.

भाची : म्हणजे हे आत्ताच ठरवायला पाहिजे.

मामा : स्लॅब दिवाळीनंतर पडणार. त्याच्या आत वाऱ्याच्या दाबाचं गणित मला कागदावर करून दे, मी तपासतो. पाईपची जाडी, बोल्टची खोली, सगळं. आणि एसी एक की दोन, ते मामीला विचारून ये. मी विचारणार नाही.